डीकन जोन्स आणि ७५ क्रमांकाची जर्सी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीकन जोन्स यांना जाऊन दशक उलटून गेले, तरी लॉस एंजेलिस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे जुने चाहते एकत्र आले की बोलणे फिरून त्यांच्यावरच येते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आणि तेथे हळूहळू या खेळाची गोडी लागलेल्या मराठी प्रेक्षकांना ‘सॅक’, म्हणजे चेंडू फेकू पाहणाऱ्या खेळाडूला फेकण्याआधीच पाडणे, हा शब्द दर रविवारी ऐकू येतो. पण तो कोणामुळे रुळला, आणि ज्याच्यामुळे रुळला त्याच्या नावापुढे अधिकृत नोंदवहीत एकही सॅक का नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. अशा वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

डीकन जोन्स कोण होते?

डेव्हिड जोन्स, म्हणजेच डीकन जोन्स, हे अमेरिकन फुटबॉलमधील बचावफळीचे खेळाडू होते. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९३८ रोजी फ्लोरिडा राज्यातील ईटनव्हिल येथे झाला आणि ३ जून २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम हिल्स येथे वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य साखळीत ते १९६१ ते १९७४ असे चौदा हंगाम खेळले. त्यांपैकी पहिले अकरा हंगाम लॉस एंजेलिस रॅम्सकडे, पुढचे दोन सॅन डिएगो चार्जर्सकडे आणि शेवटचा वॉशिंग्टनच्या संघाकडे गेला. या चौदा वर्षांत खेळता येण्याजोग्या १९६ सामन्यांपैकी १९१ सामने ते खेळले. प्रत्येक चेंडूमागे दोन पहाडासारखी माणसे अंगावर येणार अशा जागेवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत हा आकडा मला त्यांच्या कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोठा वाटतो.

डिफेन्सिव्ह एंडचे काम नेमके काय असते?

दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या संघाचा क्वार्टरबॅक तो हातात घेऊन मागे सरकतो आणि पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकू पाहतो. त्याच्यासमोर त्याच्याच संघाच्या पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत असते. ती भिंत फोडून, वळसा घालून किंवा चुकवून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणे आणि चेंडू हातातून सुटण्याआधी त्याला खाली पाडणे, हे बचावफळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या डिफेन्सिव्ह एंडचे मुख्य काम. प्रतिस्पर्ध्याने चेंडू घेऊन धावायचे ठरवले तर त्याला आपल्या बाजूने निसटू न देणे हेही त्याच्याकडेच असते.

जोन्स डाव्या टोकाला खेळत. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक मागे सरकताना त्याची पाठ स्वतःच्या डाव्या बाजूकडे वळते, त्यामुळे त्या बाजूने येणारा हल्लेखोर त्याला दिसत नाही. जोन्स मात्र त्याच्या उजवीकडून, म्हणजे अगदी डोळ्यांसमोरून येत. ते येत आहेत हे क्वार्टरबॅकला दिसत असे, आणि तरीही ते पोहोचत असत.

‘डीकन’ हे त्यांचे खरे नाव होते का?

नव्हते. डीकन हे चर्चमधील एका सेवकपदाचे नाव आहे आणि जोन्स यांनी ते स्वतःहून धारण केले. डेव्हिड जोन्स नावाची माणसे टेलिफोनच्या कोणत्याही जाडजूड यादीत ढिगाने सापडतील, तेव्हा अशा नावाचा खेळाडू कोणाच्या ध्यानात राहणार, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. चाहत्यांनी पुढे त्यांना ‘सेक्रेटरी ऑफ डिफेन्स’, म्हणजे बचावाचे मंत्री, असेही म्हणायला सुरुवात केली. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्याचे पदनाम हेच असल्याने ती कोटी लोकांना फार आवडली आणि निवृत्तीनंतरही ती त्यांना चिकटून राहिली.

त्यांचे बालपण कसे गेले?

ईटनव्हिल हे ऑरलँडो शहराजवळचे छोटेसे गाव १८८७ मध्ये कृष्णवर्णीयांनी स्वतःचा कारभार स्वतः चालवण्यासाठी वसवले. अमेरिकेत अशा प्रकारे रीतसर स्थापन झालेल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथे चार खोल्यांच्या घरात दहा माणसांचे जोन्स कुटुंब राहत होते. गावाच्या हद्दीत कारभार आपला असला, तरी हद्दीबाहेर वर्णभेदाचा कायदा आणि रिवाज पुरेपूर लागू होता.

चौदाएक वर्षांचे असताना पाहिलेला एक प्रसंग जोन्स पुढे आयुष्यभर सांगत. चर्चमधली प्रार्थना आटोपून लोक बाहेर उभे होते. गोऱ्या तरुणांनी भरलेली एक गाडी जवळून गेली, गाडीतून कोणीतरी कलिंगड भिरकावले आणि ते एका वृद्ध स्त्रीच्या डोक्यावर आदळले. काही दिवसांनी ती बाई दगावली. पोलिसांनी चौकशीसुद्धा केली नाही. आपल्या मनात साठलेल्या संतापाला फुटबॉलसारख्या दांडग्या खेळात वाट मिळाली, नाहीतर त्याचे काय झाले असते कोण जाणे, असे जोन्स म्हणत असत. त्यांच्या खेळातील आक्रमकता चाहत्यांना इतकी आवडे की ती आली कुठून हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. म्हणून हा प्रसंग सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलणे मला अर्धवट वाटते.

त्यांना महाविद्यालय का बदलावे लागले?

१९५८ मध्ये ते साउथ कॅरोलायना स्टेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाकडून खेळले. पुढे नागरी हक्कांसाठीच्या निदर्शनांत ते सामील झाल्याचे कळताच त्यांची शिष्यवृत्ती रद्द करण्यात आली. तेथील एक साहाय्यक प्रशिक्षक मिसिसिपी राज्यातील एका महाविद्यालयात जाणार होते. आपण काही खेळाडूंना तेथे शिष्यवृत्ती मिळवून देऊ शकू, असे त्यांनी सांगितले, आणि जोन्स त्यांच्याबरोबर मिसिसिपी व्होकेशनलमध्ये गेले. आज मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी ही संस्था इट्टा बीना या लहान गावात आहे, आणि बऱ्याच वर्षांनी चेंडू झेलण्यासाठी नावाजलेले खेळाडू जेरी राइस हेही तेथूनच पुढे आले.

१९६० मध्ये या संघाबरोबर दौऱ्यावर असताना वाटेतल्या मोटेलांत कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या मिळत नसत. मग यजमान संघाच्या व्यायामशाळेत घडीच्या खाटा टाकून मुले झोपत आणि सकाळी उठून त्याच यजमानांशी सामना खेळत.

इतका मोठा खेळाडू निवडीच्या चौदाव्या फेरीपर्यंत कसा राहिला?

कारण त्यांना पाहायला कोणी गेलेलेच नव्हते. रॅम्सचे निवडकर्ते एका वेगळ्याच खेळाडूच्या, चेंडू घेऊन धावणाऱ्या एका रनिंग बॅकच्या, चित्रफिती तपासत होते. त्यात समोरच्या संघातला एक अवाढव्य बचावपटू त्या धावपटूला मागून पळत जाऊन गाठताना दिसला. सहा फूट पाच इंच उंचीच्या माणसाने असे धावणे त्यांनी पाहिलेले नव्हते. १९६१ च्या निवडीत, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंना संघ आळीपाळीने निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, चौदाव्या फेरीत, एकूण १८६ व्या क्रमांकावर, रॅम्सनी त्यांचे नाव घेतले. आज ही निवड सातच फेऱ्यांत आटोपते. दक्षिणेतल्या लहान कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे तेव्हा मोठ्या संघांचे किती कमी लक्ष होते हे यावरून कळते, आणि जोन्स योगायोगाने दिसले तसे न दिसलेले किती असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

‘फिअरसम फोरसम’ म्हणजे कोण?

डीकन जोन्स, मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर आणि लमार लंडी ही रॅम्सच्या बचावफळीची चौकडी. ‘भयंकर चौघे’ अशा अर्थाचे हे बिरुद त्याआधी इतर संघांच्या बचावफळ्यांनाही लावले गेले होते, पण आज ते उच्चारले की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चौघे येतात. ग्रिअर १९६३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून आले आणि चौकडी पूर्ण झाली. दुखापतीमुळे त्यांचा खेळ थांबल्यावर १९६७ पासून डेट्रॉइटहून आलेल्या रॉजर ब्राउन यांनी ती जागा घेतली.

चौघांचे स्वभाव चार दिशांना होते, आणि त्यातच त्यांच्या खेळाचे मर्म होते. डाव्या टोकाला जोन्स आणि त्यांच्या लगत आतल्या बाजूला ओल्सन, ही जोडी तर विशेष. ओल्सन शांत, अभ्यासू, जागा न सोडणारे, जोन्स वादळी. चेंडू हलताच दोघे आपापल्या वाटा बदलत. ओल्सन बाहेर सरकून समोरच्या दोघांना अडकवून धरत आणि त्यांच्या पाठीमागून जोन्स वळसा घालून मधल्या फटीतून आत शिरत. आज याला ‘स्टंट’ म्हणतात आणि प्रत्येक संघ तो शिकवतो. परंतु एवढ्या वजनाची दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता अशी फुगडी घालतात, हे त्या काळी प्रेक्षकांना आणि समोरच्या खेळाडूंनाही नवीन होते. ओल्सन पुढे टीव्ही मालिकांतले लोकप्रिय अभिनेते झाले. ग्रिअर १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तेथे होते आणि मारेकऱ्याला धरून त्याच्या हातातले पिस्तूल काढून घेण्यात त्यांचा हात होता.

लंडी २००७ मध्ये आणि ओल्सन २०१० मध्ये गेले. जोन्स गेले तेव्हा मूळ चौघांपैकी एकटे ग्रिअर मागे राहिले होते.

‘सॅक’ हा शब्द खरोखर त्यांनीच दिला का?

फुटबॉलमध्ये हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे त्यांनाच दिले जाते. त्याआधी क्वार्टरबॅकला मागे पाडण्याच्या कृतीचे वर्णन करावे लागे. तिला सुटसुटीत, सर्वांच्या तोंडी बसणारे नाव नव्हते. इंग्रजीत ‘सॅक’ म्हणजे पोते, आणि जिंकलेले शहर लुटून उद्ध्वस्त करणे यालाही हाच शब्द आहे. जोन्स दोन्ही अर्थ खेळवत. कधी ते बेचिराख झालेल्या शहराची उपमा देत, तर कधी समोरच्या सगळ्या खेळाडूंना एका पोत्यात कोंबून वरून बदडून काढण्याचे चित्र उभे करत. शब्द लहान होता, वर्तमानपत्राच्या मथळ्यात मावत होता आणि मैदानावर ओरडायला सोपा होता. ज्या कृतीला नाव नसते तिची मोजदादही होत नाही, आणि नाव देणाऱ्याच्याच वाट्याला ही मोजदाद फार उशिरा आली.

त्यांच्या नावावर अधिकृतपणे एकही सॅक नाही, हे कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एनएफएलने खेळाडूनिहाय सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली ती १९८२ च्या हंगामापासून. जोन्स १९७४ मध्येच निवृत्त झाले होते. त्यामुळे अधिकृत यादीत त्यांचे स्थान शून्यावर, किंबहुना ते त्या यादीतच नाहीत.

तरीही १७३.५ हा आकडा चाहत्यांना तोंडपाठ आहे, आणि तो कोणी हवेतून काढलेला नाही. जॉन टर्नी आणि निक वेब्स्टर या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जुन्या सामन्यांचे चेंडूगणिक तपशील, संघांच्या नोंदी आणि चित्रफिती चाळून १९८२ पूर्वीच्या खेळाडूंचे सॅक मोजले. हे काम कसे चालते याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो. जुन्या नोंदीत बहुतेक वेळा इतकेच लिहिलेले असते की अमुक क्वार्टरबॅक अमुक यार्ड मागे पडला. त्याला पाडले कोणी, एकट्याने की दोघांनी मिळून, हे ठरवायला चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे घ्यावी लागते आणि चिखलाने माखलेल्या पाठीवरचा क्रमांक वाचावा लागतो. दोघांनी मिळून पाडले असेल तर प्रत्येकाला अर्धा, १७३.५ मधला तो अर्धा अशा हिशेबातून येतो. २०२१ मध्ये प्रो फुटबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या प्रसिद्ध संकेतस्थळाने १९६० पासूनचे हे अनधिकृत आकडे आपल्या पानांवर घेतले आणि शून्याच्या जागी जोन्स एकदम तिसऱ्या क्रमांकावर दिसू लागले. त्यांच्या पुढे फक्त ब्रूस स्मिथ (२००) आणि रेजी व्हाइट (१९८) आहेत.

हंगामवार पाहिले तर १९६४ मध्ये २२, १९६७ मध्ये २१.५ आणि १९६८ मध्ये पुन्हा २२ असे आकडे मिळतात. पूर्वी १९६७ चा आकडा २६ सांगितला जाई, पण चित्रफिती नीट तपासल्यावर तो खाली आला. काही चाहत्यांना याचे वाईट वाटले. मला तसे वाटत नाही. आपल्या आवडत्या खेळाडूच्या विरोधात जाणारी दुरुस्तीसुद्धा मान्य केली, तरच उरलेल्या आकड्याला वजन येते. शिवाय त्या काळी हंगाम १४ सामन्यांचा होता, आणि संघ आजच्या मानाने चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन धावण्यावर अधिक भर देत, म्हणजे सॅक करण्याची संधीच कमी. मायकेल स्ट्रेहान यांनी २००१ मध्ये २२.५ सॅकचा अधिकृत विक्रम केला तो १६ सामन्यांच्या हंगामात.

‘हेड स्लॅप’ म्हणजे काय, आणि त्यावर बंदी का आली?

चेंडू हलताक्षणी समोरच्या खेळाडूच्या शिरस्त्राणावर, कानाच्या बाजूला, उघड्या पंज्याने जोराचा तडाखा द्यायचा. डोक्यावर फटका बसला की कोणाचेही डोळे क्षणभर मिटतात. त्याला इलाज नाही. ते उघडेपर्यंत जोन्स त्याच्या बाजूने निघून गेलेले असत. ही युक्ती आपण रोझी ग्रिअर यांच्याकडून घेतली, असे जोन्स मोकळेपणाने सांगत. मात्र तिला धार आणली ती स्वतः, असेही सांगायला ते विसरत नसत. तडाखा हा नुसता आरंभ होता. खरे काम त्यामागच्या पहिल्या दोन पावलांचे होते, आणि ज्यांनी केवळ तडाखा उचलला, पण ज्यांच्या पायांत ती चपळाई नव्हती, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

१९७७ मध्ये एनएफएलने या तडाख्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी भिंतीतल्या खेळाडूंना हात लांब करून उघड्या पंज्यांनी अडवण्याची मुभा मिळाली आणि खेळाचे पारडे आक्रमणाकडे झुकले. जुने चाहते या बंदीचा उल्लेख अभिमानाने करतात, कारण एका माणसाचा खेळ आवरण्यासाठी नियम करावा लागला असे त्यांना वाटते. त्या अभिमानात तथ्य आहे. पण ही बंदी योग्यच होती, हेही स्पष्ट लिहायला हवे. समोरचा खेळाडू दुपारभर डोक्यावर असे फटके खात असे आणि सामना संपल्यावर ते ठणठणते कान घेऊन घरी जात असे. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूची कायमची हानी होते हे आज आपल्याला माहीत आहे. त्या काळी हे बेकायदा नव्हते आणि जोन्स यांनी नियम मोडला नाही, एवढे म्हणून त्यांच्या बाजूने बोलता येते. तडाखा परत आणावा असे मात्र म्हणता येत नाही.

एवढी बलाढ्य बचावफळी असून रॅम्सना सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, का गाठता आला नाही?

जोन्स आले तेव्हा संघ दुबळा होता. त्यांच्या पहिल्या हंगामात रॅम्सनी १४ पैकी ४ सामने जिंकले, दुसऱ्यात तर एकच. १९६६ मध्ये जॉर्ज ॲलन प्रशिक्षक म्हणून आले आणि चित्र पालटले. बचाव हाच खेळाचा पाया मानणाऱ्या ॲलन यांना हवी तशी फळी येथे तयार मिळाली.

१९६७ चा हंगाम चाहत्यांच्या आठवणीत सर्वांत ठळक आहे. ९ डिसेंबरला, म्हणजे जोन्स यांच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, लॉस एंजेलिसच्या कोलिसिअम मैदानावर ग्रीन बे पॅकर्सविरुद्धचा सामना होता. हरले तर सारे संपणार होते. सामन्याचे एक मिनिटही उरलेले नसताना रॅम्स २०–२४ असे मागे होते. पॅकर्सच्या खेळाडूने चेंडू लाथेने दूर उडवायला घेतला, तोच रॅम्सच्या टोनी गिलरी यांनी तो अडवला; क्लॉड क्रॅब चेंडू उचलून गोलरेषेच्या जवळ घेऊन गेले आणि क्वार्टरबॅक रोमन गॅब्रिएल यांनी बर्नी केसी यांच्याकडे फेकलेल्या चेंडूवर रॅम्स २७–२४ असे जिंकले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाल्टिमोर कोल्ट्सना ३४–१० असे हरवले. दोन्ही संघांची ११ विजय, १ पराभव, २ बरोबरी अशी तंतोतंत सारखी कामगिरी झाली, आणि आपसांतल्या सामन्यांच्या आधारे रॅम्स पुढे गेले. कोल्ट्स घरी बसले.

यानंतरची गोष्ट जुन्या चाहत्यांना आजही बोचते. बाद फेरीचा सामना कोणाच्या मैदानावर व्हायचा हे तेव्हा कामगिरीवर ठरत नसे, पाळीने ठरे. त्यामुळे केवळ ९ सामने जिंकलेल्या पॅकर्सच्या घरी, २३ डिसेंबरला मिलवॉकीच्या थंडीत, रॅम्सना जावे लागले. पहिले गुण रॅम्सनी मिळवले, पण नंतर पॅकर्सनी त्यांना डोके वर काढू दिले नाही आणि रॅम्सनी सामना ७–२८ असा गमावला. केवळ मैदानामुळे हरलो, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या दिवशी पॅकर्स सरस खेळले, आणि त्यांच्या भिंतीत जोन्स यांच्यासमोर फॉरेस्ट ग्रेग यांच्यासारखा त्या काळातला अव्वल खेळाडू होता.

१९६९ मध्ये रॅम्सनी सलग ११ सामने जिंकले, शेवटचे तिन्ही गमावले आणि बाद फेरीत मिनेसोटा व्हायकिंग्सकडून २०–२३ असे हरले. मध्यंतराला ते १७–७ असे पुढे होते. शेवटचे दोन गुण व्हायकिंग्सच्या कार्ल एलर यांनी गॅब्रिएल यांना त्यांच्याच गोलक्षेत्रात पाडून मिळवले. एलर हेही डावे डिफेन्सिव्ह एंड होते. ज्या कृतीला जोन्स यांनी नाव दिले, तिनेच त्यांच्या संघाचा घात केला.

रॅम्स सोडल्यानंतर काय झाले?

१९७० नंतर ॲलन वॉशिंग्टनला गेले आणि १९७२ मध्ये रॅम्सनी जोन्स यांना सॅन डिएगोकडे दिले. उतरत्या वयातही त्या वर्षी ते प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. ही त्यांची आठवी आणि शेवटची निवड होती. १९७४ मध्ये ते वॉशिंग्टनला पुन्हा ॲलन यांच्या हाताखाली खेळले. त्या हंगामातल्या शिकागो बेअर्सविरुद्धच्या साखळी सामन्यात त्यांना चेंडू लाथेने खांबांमधून मारून एक गुण मिळवण्याची संधी देण्यात आली, आणि त्यांनी तो मिळवला.

मैदानाबाहेर ते काय करत?

गात असत. खेळत असतानाच ते ज्या वाद्यवृंदाबरोबर गात, तोच पुढे ‘वॉर’ या नावाने प्रसिद्ध झाला. टीव्ही मालिका आणि चित्रपटांत त्यांनी लहान भूमिका केल्या. १९९७ मध्ये त्यांनी शहरांच्या गरीब वस्त्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली. चार खोल्यांत दहा माणसांबरोबर वाढलेल्या माणसाने हे करावे यात नवल नाही.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

१९६५ ते १९६९ अशी सलग पाच वर्षे ते एनएफएलमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात होते, आणि १९६७ व १९६८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरले. पात्र होताच, १९८० मध्ये, ओहायोतील कँटन येथील हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या गौरवदालनात, त्यांचा समावेश झाला. एनएफएलने आपल्या ७५ व्या आणि १०० व्या वर्षानिमित्त निवडलेल्या दोन्ही सर्वकालीन संघांत त्यांचे नाव आहे.

रॅम्सनी त्यांचा ७५ क्रमांक निवृत्त केला, म्हणजे पुढे कोणालाही न देण्याचे ठरवले, ते मात्र २००९ मध्ये, आणि तोही सेंट लुइसमध्ये, कारण संघ १९९५ पासून तेथे गेला होता. ज्या कोलिसिअममध्ये लोकांनी त्यांना अकरा वर्षे पाहिले, तेथे हा समारंभ व्हायला हवा होता. संघ लॉस एंजेलिसला परतला २०१६ मध्ये, आणि तोवर जोन्स गेले होते. २०१३ च्या हंगामापासून एनएफएल सर्वाधिक सॅक करणाऱ्या खेळाडूला डीकन जोन्स पुरस्कार देते. पहिला पुरस्कार १९.५ सॅक करणाऱ्या इंडियानापोलिसच्या रॉबर्ट मॅथिस यांना मिळाला. ज्याच्या नावावर अधिकृत सॅक नाही त्याच्या नावाने अधिकृत सॅकचा पुरस्कार दिला जातो, आणि जुन्या चाहत्यांना त्यात न्याय झाल्यासारखे वाटते.

आजच्या खेळात ते टिकले असते का?

माझ्या मते निश्चित टिकले असते. आजच्या भिंतीतले खेळाडू एकशे चाळीस किलोंच्या आसपास असतात आणि त्यांना हातांची मोकळीक आहे, हे खरे. पण बाहेरच्या टोकाचा आजचा हल्लेखोर वजनाने जोन्स यांच्याएवढाच असतो, आणि त्याच्याकडून अपेक्षा असते ती नेमकी त्यांच्याच गुणांची : पहिले पाऊल, लांब हात आणि मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाठलाग करण्याची हौस. तडाख्याविना त्यांना दुसरी युक्ती शोधावी लागली असती. ती त्यांनी शोधली असती असे मला वाटते, कारण तडाख्याइतकाच ओल्सन यांच्याबरोबरचा वाटा बदलण्याचा खेळही त्यांच्या यशाला कारण होता, आणि तो आजही नियमात बसतो.

जुन्या चित्रफिती पाहताना नजर कोठे ठेवावी?

९ डिसेंबर १९६७ च्या सामन्यापासून सुरुवात करावी. सवयीने आपली नजर चेंडूमागे धावते. पहिल्यांदा पाहताना ती चेंडूवरून काढून घ्यावी आणि पॅकर्सच्या भिंतीच्या उजव्या टोकासमोर वाकून उभ्या असलेल्या ७५ क्रमांकावर ठेवावी. चेंडू हलला की त्याचे पहिले पाऊल कोणत्या दिशेला पडते ते पाहावे. शेजारचे ७४, म्हणजे ओल्सन, त्याच क्षणी कुठे सरकतात ते पाहावे. खेळ दुसऱ्या बाजूला गेला तरी ७५ क्रमांक थांबतो की धावतच राहतो, हेही पाहावे. चेंडू कुठे गेला, ते दुसऱ्यांदा पाहताना बघता येईल.